शिवणीतली माया

कमरेत सैल होऊ लागलेली विजार बेताची करून द्यावयाची असली म्हणजे जुना, जाणता शिंपी अधिकचे कापड कातरून टाकीत नाही. तो ते शिवणीच्या आत दुमडून ठेवतो, आणि आत दडविलेल्या या कापडाला त्याच्या धंद्यात ‘माया’ म्हणतात. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी नाना यांनी, रक्तातील साखरेचा आकडा दाखवून डॉक्टरांनी भीती घातल्यावर, एका आहारकेंद्रात नाव घातले आणि सात महिन्यांत चौदा किलो वजन उतरविले, तेव्हा त्यांच्या चार विजारी घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. आहारकेंद्राने त्यांना पुष्पगुच्छ दिला होता, ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे भिंतीवर लावली होती, आणि उद्दिष्ट पुरे झाले असा शेरा मारून त्यांचा केसपेपर बंद केला होता. शिंप्याने गळ्यातली टेप काढून नवी कंबर मोजली, तोंडभर कौतुक केले, आणि खडूची रेघ ओढता ओढता तो सहज म्हणाला, “कापत नाही हं नाना, माया ठेवतो आत. लागली तर उसवून देईन.” नानांना ते बोलणे लागले, परतताना निम्मी वाट ते गप्प होते. पुढे दीड वर्षाने त्याच विजारी पुन्हा त्याच दुकानात गेल्या, माया उसवली गेली, आणि धुण्याने विटलेल्या कापडात मागच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना, आत राहिल्यामुळे मूळचा रंग टिकलेल्या, बोटभर रुंदीच्या दोन गडद पट्ट्या उघड्या पडल्या. नानांना त्या दिसत नसत. त्यांच्या मागून चालणाऱ्या साऱ्या गावाला दिसत.

वजन उतरविणे आणि उतरलेले वजन राखणे या एकाच कामाच्या दोन पायऱ्या आहेत, पहिली चढली की दुसरी आपसूक चढली जाते, असा आपला सर्वसाधारण समज असतो; आणि स्थूलतेवर लिहिलेल्या शेकडो पुस्तकांतील पानांची वाटणी पाहिली तर लेखकांचाही समज याहून निराळा दिसत नाही. वस्तुतः या दोन भिन्न विद्या आहेत. पहिलीला मुदत असते, तिच्यात आठवड्याआठवड्याला हाती पडणारे यश असते, आणि “अहो, किती बारीक झालात!” असे म्हणणारे लोक असतात. दुसरीला मुदत नाही, तिच्यात सर्व काही नीट चालले असता काहीच घडत नाही, आणि काहीही न घडल्याबद्दल कोणी कोणाचे अभिनंदन करीत नाही. प्रस्तुत प्रकरणात मला या दुसऱ्या, उपेक्षित विद्येविषयीच लिहावयाचे आहे.

तिच्याविषयीची निराशा जुनी आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांच्यासह १९५९ साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील पोषणविभागाकडे पाठविलेल्या १०० स्थूल रुग्णांची हकीकत दिली. त्यांपैकी २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो, वजन उतरविणारे अवघे १२ निघाले. वर्षानंतर ते उतरलेले ठेवू शकले असे ६, आणि दोन वर्षांनंतर २. शंभरांतील पंच्याण्णवांचे वजन परत येतेच, हे जे वाक्य आजही वैद्यांच्या व वृत्तपत्रांच्या तोंडी असते, त्याचे मूळ बव्हंशी या लहानशा निबंधात आहे. त्या रुग्णांच्या हाती आहाराचा एक छापील कागद देण्यापलीकडे फारसे काही केले गेले नव्हते, ही गोष्ट मात्र ते वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. कागद देऊन माणसाला घरी पाठवावे आणि दोन वर्षांनी त्याच्या निश्चयाची झडती घ्यावी, हा न्याय नव्हे.

पण देहाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण या खटल्यात प्रतिवादी तोच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपातील उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीच्या कारणास्तव युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आलेले होते. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना त्यांच्या नित्याच्या आहाराच्या निम्म्याच्या आसपास, दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी एवढेच अन्न मिळे, आणि आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते. वजनाचा चतुर्थांश गेला, हे तर व्हावयाचेच होते. परंतु कीज यांच्या ग्रंथात चकित करणारा भाग त्यापुढचा आहे. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते असे तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटात पाणी ओतून अन्न वाढविल्यासारखे करू लागले, आणि प्रयोग संपून वाटेल तेवढे खाण्याची मोकळीक मिळाल्यावर पोट फुगेपर्यंत खाऊनही भूक राहिलीच आहे असे सांगू लागले. त्यांचे वजन पूर्वीच्या रेषेपाशी थांबले नाही, ती ओलांडून पुढे गेले, आणि मग बऱ्याच महिन्यांनी हळूहळू मागे आले. हे तरुण स्थूल नव्हते, लोभी नव्हते. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणाऱ्या माणसांना दुर्बळ निश्चयाचे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

देह हे कोणत्या मार्गाने करतो याचा उलगडा पुढच्या काही दशकांत होत गेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांना १९९४ साली चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीचा साठा किती आहे याची वर्दी ते मेंदूला देते, आणि साठा घटला की ही वर्दी क्षीण होऊन मेंदू भुकेचा हुकूम सोडतो. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातील लीबेल, रोझेनबॉम आणि हर्श यांनी दाखविले की वजन एक दशांश उतरले म्हणजे देहाचा दैनंदिन ऊर्जाखर्च नुसत्या आकारमानाच्या घटीवरून अपेक्षावा त्याहून अधिक खाली येतो. मेलबर्न येथील एका पाहणीत, दहा आठवड्यांच्या कडक पथ्यानंतर बदललेली भुकेची संप्रेरके वर्ष उलटले तरी पूर्वपदावर आलेली नव्हती, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. देहाचे दप्तर सहजासहजी निकालात निघत नाही.

या साऱ्यांत मला सर्वांत मार्मिक वाटतो तो अमेरिकेतील केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली मांडलेला एक हिशेब. मधुमेहावर एक औषध असे आहे की जे रक्तातील साखरेचा काही अंश मूत्रावाटे बाहेर टाकते. ते घेणाऱ्याच्या शरीरातून रोज साडेतीनशेच्या आसपास कॅलरी निसटून जातात आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे येथे पथ्य नाही, निश्चय नाही, त्याग नाही; केवळ गळती आहे. अशा रुग्णांचे वजन काही काळ उतरले आणि मग थांबले. गळती चालूच असताना ते थांबावे, याचा अर्थ रुग्ण नकळत अधिक खाऊ लागले होते. किती, याचे गणित मांडता असे निघाले की उतरलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते, तर ऊर्जाखर्च घटतो तो किलोमागे फार तर वीस-तीस कॅलरींनी. शंभर कॅलरी म्हणजे आपल्याकडची एक लहानशी पोळी. या हिशेबाने पाच किलो उतरविलेल्या माणसाकडे त्याचा देह रोज पाच पोळ्यांचा तगादा लावतो, आणि तोही असा मुकाट्याने, की आपण अधिक खात आहोत असे त्या बिचाऱ्याला वाटत नाही. आजची आमटी विशेष चांगली झाली आहे, एवढेच वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन करताना त्याचा कोठ्यातील अग्नी प्रदीप्त असतो, अन्न लवकर जिरते आणि तो पुन्हा आहाराची इच्छा करतो, असे सांगितले आहे. यावरून चरकाला लेप्टिन ठाऊक होते असा निष्कर्ष काढणारे विद्वान आपल्याकडे निघतील. त्यांना दुरून नमस्कार करून एवढेच म्हणतो, की भूक हा स्थूलतेच्या कथेतील स्वभावदोष नसून लक्षण आहे, ही जाण त्या निरीक्षणात आहे.

आता प्रश्न असा, की देह जर इतका चिवट सावकार असेल तर वजन राखणारे लोक मुळात असतात तरी का? असतात, आणि त्यांना शोधण्याची कल्पना रीना विंग आणि जेम्स हिल या दोन अमेरिकन संशोधकांना १९९४ साली सुचली. अपयशाची कारणे शोधण्यात सर्व शास्त्र गुंतले असता, ज्यांना साधले त्यांनाच विचारावे, हा तो साधा विचार. त्यांनी ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’ नावाचे दप्तर उघडले आणि त्यात प्रवेशाची अट घातली ती अशी, की मनुष्याने किमान ३० पौंड, म्हणजे १३.६ किलो, उतरविलेले असावेत आणि ते किमान एक वर्ष राखलेले असावेत. १९९७ साली पहिल्या ७८४ जणांचा अहवाल निघाला, त्यात ६२९ स्त्रिया होत्या. सरासरीने प्रत्येकाने ३० किलो उतरविले होते, आणि प्रवेशाच्या अटीतले १३.६ किलो पाच वर्षे राखले होते. पुढे या दप्तरातील नावे दहा हजारांवर गेली.

ही माणसे वजन उतरविण्याच्या बाबतीत एकमेकांसारखी नव्हती. जवळजवळ निम्म्यांनी ते स्वतःच्या बळावर उतरविले होते, उरलेल्यांनी कोणत्या ना कोणत्या केंद्राच्या साहाय्याने. कोणी काही पदार्थ सर्वस्वी सोडले होते, कोणी सर्व खाऊन माप कमी केले होते. साम्य सुरू होते ते उतरल्यानंतर. नव्वद टक्के लोक दिवसाला सरासरीने तासभर व्यायाम करतात, आणि त्यांत सर्वांत प्रचलित व्यायाम म्हणजे चालणे. पंचाहत्तर टक्के लोक आठवड्यातून निदान एकदा स्वतःचे वजन पाहतात. बासष्ट टक्के लोक आठवड्यातून दहा तासांहून कमी वेळ दूरचित्रवाणीपुढे बसतात. अठ्ठ्याहत्तर टक्के लोक रोज न चुकता न्याहारी करतात.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबणे जरूर आहे, कारण याच आकड्याने जगभर न्याहारीचा महिमा वाढविला. दप्तरात नाव घालणारे लोक स्वेच्छेने आलेले होते, आपल्या सवयी त्यांनी स्वतःच सांगितलेल्या होत्या, आणि ज्यांचे वजन परत आले अशांनीही न्याहारी केली असेल की काय, याचे उत्तर या दप्तरात असू शकत नाही. पुढे लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून एकाला न्याहारी दिली आणि दुसऱ्याला वगळावयास लावली, असे प्रयोग झाले. त्यांत न्याहारीने वजन घटते असे काही सिद्ध झाले नाही. ज्याचा दिवस रेखीव आहे तो न्याहारी करतो आणि वजनही राखतो, इतकाच त्याचा अर्थ असावा. तेव्हा ज्या वाचकाला सकाळी भूक लागत नाही, त्याने रजिस्ट्रीच्या नावाने बळेच पोहे खाण्याचे कारण नाही.

वजन पाहण्याच्या सवयीची गोष्ट निराळी, कारण तिची कसून परीक्षा झालेली आहे. वजनकाट्यावर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा आद्य पुरुष म्हणजे पाडुआचा वैद्य सँटोरिओ; तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून हा मनुष्य जेवे, आणि खाल्लेले किती, बाहेर टाकलेले किती याची नोंद त्याने वर्षानुवर्षे ठेवून १६१४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे रेल्वेच्या फलाटावर नाणे टाकताच लाल-पिवळे दिवे लुकलुकवीत वजनाबरोबर भविष्याचेही तिकीट देणारे यंत्र असे, आणि आम्ही मुले वजन न वाचता आधी भविष्य वाचीत असू. पण वजन राखू पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्या तिकिटाच्या दोन्ही बाजू एकच होत्या असे आता वाटते. रीना विंग यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मागील दोन वर्षांत आपल्या वजनाचा निदान दशांश उतरविलेले ३१४ लोक घेतले. एका गटाला केवळ वृत्तपत्रिका पाठविली. दुसऱ्याला इंटरनेटवरून आणि तिसऱ्याला प्रत्यक्ष भेटीत असे शिकविले, की रोज काट्यावर उभे राहावे आणि आकड्याप्रमाणे आपण कोणत्या रंगात आहोत ते ठरवावे. आरंभीच्या वजनापासून तीन पौंडांच्या आत वाढ असेल तर हिरवा, त्याच्या वर गेल्यास पिवळा, आणि पाच पौंड, म्हणजे सुमारे २.३ किलो, वाढल्यास लाल. हिरव्यात असणाऱ्याला शाबासकी आणि लहानशी भेट. पिवळ्यात आलेल्याने आपल्या खाण्याचालण्यात कोठे ढिलाई झाली ते शोधावे. लाल झालेल्याने जे पथ्य करून मुळात वजन उतरविले तेच पुन्हा लगेच सुरू करावे.

दीड वर्षाने पाहता, केवळ पत्रिका मिळालेल्या गटातील ७२ टक्के लोकांचे वजन २.३ किलो किंवा त्याहून अधिक वाढलेले होते. इंटरनेटच्या गटात ५५ टक्क्यांचे. आणि आधी आठवड्याला व मग महिन्याला प्रत्यक्ष भेटणाऱ्या गटात ४६ टक्क्यांचे. रोज काट्यावर उभे राहणाऱ्यांचा धोका या शिकविलेल्या गटांत विशेष कमी ठरला. नुसता काटा काही करीत नाही. आकडा वाढला तर काय करावयाचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे, आणि तो कोणाला तरी सांगावयाचा असला पाहिजे. नानांनी नेमके उलट केले होते. उद्दिष्ट पुरे झाल्याचा शेरा मिळताच काटा माळ्यावर गेला, आणि तो खाली आला तेव्हा त्यावर अकरा किलो अधिक होते.

हे अकरा किलो एका रात्रीत आले नाहीत. अमेरिकेतील एका पाहणीत, नाताळच्या आसपासच्या सणांच्या सुमारे सहा आठवड्यांत माणसाचे वजन सरासरीने किती वाढते हे मोजले होते, आणि ते निघाले केवळ ०.३७ किलो, लोक स्वतः मात्र याहून पुष्कळ अधिक समजत होते. चिंतेची गोष्ट पुढे होती: ही इवलीशी वाढ फेब्रुवारी-मार्च उजाडला तरी उतरलेली नव्हती. दरसालची एवढीशी थकबाकी, आणि दहा वर्षांनी जप्तीची नोटीस! आपल्याकडे तर सणांची साखळी श्रावणापासून जी सुरू होते ती गणपती, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी अशी थेट लग्नसराईला जाऊन मिळते, आणि पंगतीत जिलबीचे ताट घेऊन उभ्या राहिलेल्या यजमानाला ‘नको’ हा शब्द ऐकू येत नाही. मी नानांना एका मुंजीत पाहिले आहे. पानावर दोन्ही हात आडवे धरून ते “खरंच नको, पोट भरलंय” असे म्हणत होते, आणि व्याही “आमच्या हातची एक तरी घ्याच” असे म्हणून बोटांच्या फटीतून जिलबी सोडीत होते. आहारशास्त्राच्या कोणत्याही विलायती ग्रंथात या प्रसंगावर उतारा नाही. नानांच्या पत्नीने, आम्ही त्यांना काकू म्हणतो, तो शोधून काढला: वाढप येण्यापूर्वीच पानातील ताक संपवून, पान दुमडून उठावे, आग्रह हा बसलेल्या माणसाला होतो. उपवासाचेही तेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण करणाऱ्या पूर्वजांनी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यांची बेरीज केलेली असली पाहिजे.

रजिस्ट्रीतील लोकांविषयी एक निष्कर्ष या संदर्भात उपयोगी आहे. जे आठवड्याचे सातही दिवस, सुट्टीच्या दिवशीही, साधारण एकाच रीतीने खातात, त्यांच्या बाबतीत वर्षभरात वजन पाच पौंडांच्या आत राखले जाण्याची शक्यता इतरांच्या दीडपट आढळली. सोमवार ते शुक्रवार संन्यास आणि शनिवार-रविवार साम्राज्य, ही घटना टिकत नाही. ज्यांच्या घरी रात्री रोज भाकरी, भाजी आणि ताक असा कंटाळवाणा बेत असतो त्यांना मी भाग्यवान समजतो. निवडीचे प्रसंग जितके थोडे, तितकी चूक होण्याची संधी थोडी.

चालण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते बहुधा चुकीच्या जागी लिहिले जाते. व्यायामाने वजन उतरते अशी अपेक्षा धरणाऱ्याच्या पदरी प्रायः निराशा येते, कारण तासभर चालून जेवढ्या कॅलरी जळतात तेवढ्या दोन-तीन बटाटेवड्यांत पाच मिनिटांत परत येतात. परंतु उतरलेले राखण्याच्या कामी त्याच चालण्याचे मोल एकदम वाढते. रजिस्ट्रीच्या पहिल्या अहवालातील लोक आठवड्याला सुमारे २,८०० कॅलरी व्यायामावर खर्च करीत होते. याहून बोलका पुरावा एका तमाशातून मिळाला. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांनी तीस आठवड्यांत सरासरीने ५८ किलो वजन उतरविले होते. सहा वर्षांनी हॉल यांनी त्यांना पुन्हा तपासले, तेव्हा ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. वृत्तपत्रांनी हे एवढेच छापले आणि ‘मंदावलेल्या चयापचया’ची भीती घरोघर पोचली. छापावयाचे राहिले ते असे, की ज्यांनी वजन अधिक राखले होते त्यांचाच ऊर्जाखर्च अधिक मंदावलेला होता, आणि तरीही ते राखू शकले होते; आणि पुढच्या छाननीत दिसले की सहा वर्षांनंतर त्यांची हालचाल इतरांच्या मानाने पुष्कळ वाढलेली होती. येथे चरकाकडे पुन्हा एकदा वळावेसे वाटते. स्थौल्य सोडू इच्छिणाऱ्याने जागरण, व्यायाम, चिंतन इत्यादी गोष्टी ‘क्रमाने’ वाढवाव्या असे तो सांगतो. जागरणाचा भाग आजचा वैद्य मान्य करणार नाही, अपुऱ्या झोपेने भूक वाढते असे तो सांगेल. पण ‘क्रमाने’ या एका शब्दासाठी मी तो श्लोक लक्षात ठेवतो. सत्तावन्नाव्या वर्षी एकदम जिममध्ये जाऊन गुडघा दुखावून घेणारे आणि मग सहा महिने आरामखुर्चीत काढणारे गृहस्थ माझ्या माहितीत तीन आहेत.

अलीकडे आठवड्याला एक सुई टोचून भूक मंदावणारी औषधे निघाली आहेत, २०२५ साली ती भारतातही विक्रीस आली, आणि ज्यांना त्यांची खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. पण सेमाग्लुटाइड घेऊन वजन उतरविलेल्यांनी ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, असे त्याच औषधाच्या चाचणीत दिसले आहे. औषध बदलले, देह तोच आहे. तेव्हा हे प्रकरण त्या सुईने कालबाह्य होत नाही.

एक दिलासा मात्र रजिस्ट्रीच्या दप्तरातच आहे. ज्यांनी वजन दोन वर्षांहून अधिक काळ राखले, त्यांच्या बाबतीत ते परत येण्याचा धोका निम्म्याहून कमी झालेला आढळला. राखण्याचे काम कायम राहते, पण त्याचा भार तसाच राहत नाही. दात घासण्याचा कोणी निश्चय करीत नाही. याच्या उलट, वजन एकदा थोडेसे का होईना वर गेले की त्याच जागी परत येणे फार थोड्यांना साधले, हेही तेथेच नोंदलेले आहे, आणि म्हणूनच दोन किलोंवर उठण्यात शहाणपणा आहे, दहा किलोंवर नव्हे.

नानांनी गेल्या वर्षी पुन्हा नऊ किलो उतरविले. या खेपेस काटा माळ्यावर गेला नाही. तो न्हाणीघराच्या दारापाशी असतो, आणि कचेरीत जन्मभर आवक-जावक बारनिशी सांभाळलेल्या या मनुष्याने एका लांबट वहीत तारीख, वजन आणि शेरा असे तीन रकाने आखले आहेत. मी ती वही चाळली आहे. बहुतेक दिवशी शेऱ्याचा रकाना रिकामा. एके ठिकाणी ‘पुतण्याचे लग्न’, एके ठिकाणी ‘पाऊस, फिरणे नाही’, आणि अठ्ठावीस जुलैपुढे तांबड्या शाईत ‘दोन किलो वर. रात्रीची पोळी बंद’. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते ही वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जातात. औषध घ्यावयाचे नसते, केवळ दाखवावयाची असते.

ज्यांना आकड्याने मन खचते, ज्यांनी पूर्वी खाण्यावरून स्वतःला छळून घेतले आहे, किंवा जे मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात, त्यांनी रोजच्या काट्याचा आणि पथ्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. बाकीच्यांसाठी फारसे सांगावयाचे उरलेले नाही. सांगावयाचे आहे ते आहारकेंद्रे चालविणाऱ्यांना आणि डॉक्टरांना: पुष्पगुच्छ खुशाल द्या, छायाचित्रेही लावा, पण वजन उतरले त्या दिवशी केसपेपर बंद करू नका, त्यावर पुढच्या महिन्याची तारीख घाला.